बिनतारी यंत्राचें मौन

गप्प मुलास बोलतें करणें हें दंगेखोर मुलास गप्प करण्याहून कठीण असतें, हा धडा मी तीस-पस्तीस वर्षांच्या शिक्षकीपेशांत पुनःपुन्हां शिकलों. निवृत्तीनंतर तोच धडा एका यंत्रानें मला नव्यानें दिला. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण असला प्रसंग आज कोणत्याही घरावर येऊं शकतो, आणि त्यांत पैसा, वेळ व क्वचित् एखाद्या मुलाचें वर्षही निष्कारण वायां जाऊं शकतें.

आमचें घर कापूरहोळास आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जातांना भोरचा रस्ता जेथें फुटतो तेंच हें गांव. शंभूराजांना अंगावरचें दूध पाजणाऱ्या धाराऊचें गांव म्हणून इतिहासप्रेमी वाचकांना तें ठाऊक असेल. आम्ही दोघे भाऊ, आमचीं मुलें, सुना व नातवंडें मिळून अकरा माणसें एकाच चुलीवर जेवतों. गेल्या पावसाळ्यांत माझ्या धाकट्या भावाच्या नातीला महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज भरावयाचा होता. अर्ज संगणकावरूनच भरावयाचा, आणि शेवटच्या दिवसाची मुदत रात्रीं बारापर्यंत. मोबाइलवर तो लांबलचक अर्ज भरतांना दोन वेळां अर्ध्यावरच तुटला. म्हणून तिच्या आतेभावानें वापरून दिलेला जुना लॅपटॉप बाहेर काढण्यांत आला. त्यावर लिनक्स नांवाची, कोणासही विनामूल्य मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम घातलेली होती. यंत्र सुरू झालें, पडदा उजळला. परंतु घरांतल्या वायफायशीं तें एक शब्द बोलेना.

मग एकत्र कुटुंबांत होतें तेंच झालें. एकानें पावसाला दोष दिला, दुसऱ्यानें भिंतीवरच्या राउटरला, तिसऱ्यानें वायफाय पुरविणाऱ्याला. सूनबाईंनीं राउटर तीनदां बंद करून चालू केला. लॅपटॉपही बंद करून पुन्हां सुरू करून पाहिला. सारें व्यर्थ! दुपारीं पुतण्या तो घेऊन एका दुकानांत गेला. तेथें "आंतलें कार्ड जळालें, नवें मागवावें लागेल, चार दिवस लागतील," असा निकाल मिळाला. घरावर सुतकी कळा पसरली. मुलगी कोणाशीं न बोलतां माडीवर जाऊन बसली.

रात्रीं नऊच्या सुमारास तिनें मला हांक मारली. "आजोबा, जरा वर या हो! कार्ड जळालेलें नाहीं. कोणीतरी दोन कड्या लावून ठेवल्या आहेत."

मोबाइलवर कांहीं वाचून तिनें लॅपटॉपला एक आज्ञा दिली होती. तिचें नांव आरएफकिल. उत्तरादाखल पडद्यावर कार्डाचें नांव उमटलें होतें व त्याखालीं दोन ओळी होत्या. 'सॉफ्ट ब्लॉक्ड : यस', 'हार्ड ब्लॉक्ड : यस'.

"पण जळालें नाहीं हें कशावरून, बाळ?" मीं विचारलें.

"जळालेलें कार्ड यादींत आपलें नांव सांगायला आलेंच नसतें, आजोबा."

हें अनुमान मला धुरावरून अग्नि ओळखण्याइतकें स्वच्छ वाटलें. मात्र त्या दोन ओळींचा अर्थ मला तिच्याकडून समजून घ्यावा लागला, व पुढें मीं स्वतः थोडें वाचन केलें. तें सारें येथें शक्य तितक्या सोप्या भाषेंत सांगतों.

लॅपटॉप असो वा मोबाइल, त्याच्या पोटांत एक लहानसें बिनतारी प्रक्षेपक यंत्र असतें. वायफायच्या एका प्रकारांत त्याच्या लहरी सेकंदाला सुमारें २४० कोटी आंदोलनें करतात. अशा एका लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित् अधिक. शक्ति म्हणाल तर साधारण एक दशांश वॅट. घरांतल्या लहानशा दिव्याच्या मानानेंही ती नगण्य. हा लहरींचा पट्टा आपल्या देशांत घरगुती वापरासाठीं २००५ सालीं परवान्यावांचून खुला झाला, आणि म्हणूनच तुम्हांआम्हांस वायफायसाठीं सरकारदरबारीं जावें लागत नाहीं.

आतां, हें प्रक्षेपक यंत्र स्वतःच्या मनानें चालूं वा थांबूं शकत नाहीं. ऑपरेटिंग सिस्टिम ही घरांतल्या कर्त्या पुरुषासारखी. परंतु प्रत्येक यंत्राची बोली निराळी असल्यामुळें तिला प्रत्येकाशीं थेट बोलतां येत नाहीं. त्यासाठीं प्रत्येक यंत्रामागें एक लहान आज्ञावली नेमलेली असते. तिला 'ड्रायव्हर' म्हणतात. ड्रायव्हर म्हणजे सारथि! कठोपनिषदांतलें रथाचें रूपक संस्कृतज्ञ वाचकांस आठवेल. त्यांत शरीर हा रथ, इंद्रियें हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धि हा सारथि. येथेंही रथी आज्ञा करतो व सारथि लगाम ओढतो.

यंत्रें अनेक म्हणजे सारथीही अनेक. वायफायचा निराळा, ब्लूटूथचा निराळा, मोबाइलच्या सिमकार्डावरून चालणाऱ्या यंत्राचा निराळा. "सर्वांनीं गप्प व्हा!" अशी आज्ञा एकदम द्यावयाची तर एखादें सामाईक हजेरीपुस्तक पाहिजे. लिनक्सच्या गाभ्यांत तें आरएफकिल या नांवानें २००७ च्या सुमारास आलें. ईव्हो व्हान डूर्न यांनीं तें प्रथम लिहिलें व २००९ सालीं योहानेस बेर्ग यांनीं त्याची नव्यानें मांडणी केली. प्रत्येक सारथ्यानें आपल्या यंत्राचें नांव या पुस्तकांत नोंदवावयाचें आणि 'बंद' व 'चालू' या दोन आज्ञा कशा पाळावयाच्या तें सांगून ठेवावयाचें. 'बंद' अशी आज्ञा आली कीं वायफायचा सारथि बाहेर जाऊं पाहणारा मजकूर थांबवितो, जमल्यास राउटरचा निरोप घेतो, आणि प्रक्षेपक झोंपविण्यास कार्डाला सांगतो. 'चालू' म्हणतांच क्रम उलटा. कार्डाला जागें करावयाचें, लागल्यास त्याची स्वतःची आज्ञावली त्याच्या स्मरणांत भरावयाची, कोणत्या देशांत कोणत्या लहरींवर बोलण्यास मुभा आहे तें सांगावयाचें. कांहीं लहरींवर तर आधीं नुसतें ऐकावयाचें व मग बोलावयाचें, असाही दंडक आहे. हा शेवटचा नियम आमच्या वर्गांतल्या मुलांना लावतां आला असता तर किती बरें झालें असतें!

ही झाली पहिली कडी, म्हणजे 'सॉफ्ट ब्लॉक'. ती आज्ञेनें लागते व आज्ञेनेंच निघते. विमानाचें चित्र असलेली कळ दाबली कीं हीच कडी लागते. शिवाय बहुतेक लिनक्स प्रणालींत ही कडी लक्षांत ठेवण्याची सोय असते. यंत्र बंद करतांना जी स्थिति होती तीच पुन्हां सुरू झाल्यावर कायम होते. आम्हीं तें यंत्र शंभर वेळां बंद करून चालू केलें असतें तरी कांहीं उपयोग झाला नसता, याचें कारण आतां वाचकांच्या ध्यानांत येईल.

दुसरी कडी 'हार्ड ब्लॉक'. हिची जात निराळी. कित्येक लॅपटॉपांच्या कडेला एक सरकतें बटण असतें. त्यापासून निघालेली एक तार थेट कार्डाच्या एका ठराविक पिनेपर्यंत जाते. बटण सरकवलें कीं त्या पिनेवरचा विद्युद्दाब उतरतो आणि कार्ड आपलें प्रक्षेपण स्वतःच थांबवितें. येथें सारथ्याला विचारतो कोण? तो फार तर त्या पिनेकडे पाहून "कडी बाहेरून लागली आहे," असें मालकाला कळवूं शकतो. ती काढणें त्याच्या हातचें नाहीं. कर्णाच्या रथाचें चाक भूमीनें गिळल्यावर शल्यासारख्या निष्णात सारथ्याचाही इलाज चालला नाहीं, तशांतलाच हा प्रकार. चाक उपसण्यासाठीं रथाखालीं उतरावेंच लागतें.

आम्हीही उतरलों! नातीनें लॅपटॉप उलटासुलटा करून कडेवरून बोट फिरविलें, आणि पुढच्या बाजूला नखाएवढें एक बटण तिला लागलें. आमच्या सौभाग्यवतीनें मोठ्या हौसेनें शिवलेल्या घट्ट खोळींत लॅपटॉप घालतां-काढतां तें सरकलें असावें. तें जागेवर आणतांच पडद्यावरची दुसरी ओळ 'नो' झाली. पहिली अद्याप 'यस'च. ती कडी बहुधा आमच्या चार वर्षांच्या पणतूनें विमानाचें चित्र आवडून लावली होती. नातीनें आज्ञा टंकिली आणि यंत्राच्या कपाळावरचा निळा दिवा लागला. अकरा वाजून वीस मिनिटांनीं अर्ज गेला. नवें कार्ड विकत घेतलें असतें तर तेंही दोन्ही कड्यांमागें मुकेंच बसलें असतें!

येथें जिज्ञासु वाचक विचारील कीं, बंद करण्याची ही व्यवस्था इतकी कडेकोट कशासाठीं? प्रक्षेपक कितीही लहान असला तरी कांहीं ठिकाणीं त्याचें मौन हें शिष्टाचारापलीकडचें, अत्यावश्यक असें असतें. बोलणारें यंत्र व ऐकणारें यंत्र शेजारीं बसूं शकत नाहीं, ही अडचण बिनतारी विद्येइतकीच जुनी आहे. १९२७ सालीं हिंदुस्थान व विलायत यांमध्यें बिनतारी तारायंत्राची सेवा सुरू झाली, तेव्हां आपल्या पुण्याजवळ खडकीस प्रक्षेपण ठेवलें आणि ग्रहण मात्र दूर दौंडास नेलें. एकाच्या आरोळीनें दुसऱ्याचे कान किटूं नयेत हा त्यांतला एक हेतु. आज तीं दोन्हीं यंत्रें नखाएवढ्या कार्डांत शेजारीं नांदतात. परंतु जगांत अद्याप दौंडाहूनही नाजूक कान आहेत.

त्यांतला एक कान आपल्याच जिल्ह्यांत आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या; पैकीं चौदा मध्यभागीं जवळजवळ, आणि सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून ती उभी राहिली. आकाशगंगेपलीकडून कोट्यवधि वर्षांपूर्वीं निघालेल्या अतिक्षीण रेडिओलहरी तेथें टिपल्या जातात. त्या इतक्या दुबळ्या असतात कीं चंद्रावर कोणीं एखादा चालू मोबाइल नेऊन ठेवला तर आकाशांतल्या बहुतेक रेडिओ-उगमांहून तोच ठळक दिसेल. मग थाळीखालीं उभ्या असलेल्या पाहुण्याच्या खिशांतला मोबाइल काय करील याची कल्पनाच केलेली बरी! म्हणून तेथें मोबाइल बंद ठेवण्याची शिस्त आहे. माझ्या शाळेंतलीं मुलें मीं एकदां विज्ञानदिनीं तेथें नेलीं होतीं. त्या माळावर प्रत्येकानें आपापलें यंत्र मिटतांना पाहून देवळाबाहेर पादत्राणें काढण्याची आठवण झाली.

परंतु मिटलें म्हणजे खरेंच मिटलें का? येथेंच सावध राहावयास हवें. अनेक अँड्रॉइड मोबाइलांत वायफाय 'बंद' दाखविलें तरी स्थान ओळखण्यासाठीं तें मधून मधून कानोसा घेऊं शकतें; ती सोय वेगळी बंद करावी लागते. दुसऱ्या एका जगप्रसिद्ध कंपनीच्या मोबाइलांत २०१७ पासून वरवरच्या पडद्यावरचें वायफायचें चिन्ह दाबल्यास केवळ चालूं असलेली जोडणी तुटते, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे यंत्र पुन्हां आपोआप जोडणी शोधूं लागतें. 'बंद दिसणें' आणि 'बंद असणें' यांतलें हें अंतर आहे. सरकत्या बटणाची थोरवी याचमुळें. त्याची कडी आज्ञेनें काढतां येत नाहीं. नव्या लॅपटॉपांतून तें बटण नाहींसें होत चाललें आहे व त्या जागीं नुसती कळ आली आहे, याचें मला थोडें वाईट वाटतें.

तात्पर्य, वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. वायफाय एकाएकीं मुकें झालें तर प्रथम यंत्राच्या चारी कडा बोटानें चांचपाव्या. मग विमानाचें वा लहरींचें चित्र असलेली कळ पाहावी. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिमला दोन्ही कड्यांची स्थिति विचारावी. कार्डाचें नांव जोंवर यादींत दिसतें आहे तोंवर तें मेलें असें समजूं नये. एवढें करूनही तोंड उघडलें नाहीं तरच दुकानाची पायरी चढावी.

या व्यवस्थेंत मला एक गोष्ट फार आवडली. प्रक्षेपक बोलावयाचा तर दोन्ही कड्या निघाल्या पाहिजेत. गप्प बसावयाचा तर कोणतीही एक पुरते. म्हणजे बोलण्यास सर्वांची संमति हवी आणि थांबविण्यास एकाची पुरे. अकरा माणसांच्या घरांत बाहेरच्या माणसापुढें शब्द काढतांना हाच नियम आमच्या वडिलांनीं घालून दिला होता. नातीला मीं हें सांगितलें तेव्हां ती हंसून म्हणाली, "आजोबा, पण आपल्या घरांत कडी कोणीं लावली आहे तें सांगणारी यादी कोठें आहे?"

याचें उत्तर मला अद्याप सुचलेलें नाहीं. खोळीला मात्र बटणापुरती खांच पाडून घेतली आहे.