कामट्यांच्या कमानींचे दशक

गेल्या महिन्यात आमच्या निफाड तालुक्यातील एका शिवारातले लोखंडी हरितगृह वजनावर भंगारात विकले गेले आणि ज्या कर्जातून ते उभे राहिले होते त्याचा बोजा मात्र खातेदाराच्या सातबाऱ्यावर तसाच उरला, हे कळल्यापासून माझे मन वारंवार बांबूच्या कमानींखाली पिके घेण्याच्या १९९५ ते २००५ या दशकाकडे वळते. त्याआधीच्या इतिहासाबद्दल, १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमर्ट या प्राध्यापकांनी हरितगृहासाठी काचेऐवजी प्लॅस्टिकचे आच्छादन योजले, एवढेच सांगणे पुरे.

मार्गशीर्ष-पौषात पारा पाच अंशांपर्यंत उतरला की ढोबळी मिरचीची आणि काकडीची कोवळी रोपे माना टाकीत. तेव्हा ज्यांच्यापाशी भांडवल नव्हते परंतु हातांत कसब होते अशा शेतकऱ्यांनी बांबूच्या कामट्या काढून, त्यांची टोके डांबरात बुडवून, गादीवाफ्यांवर कमानी रोवल्या आणि त्यांवर पॉलिथिनचा कागद ताणून बुटके बोगदे केले. कागद जेथे घासेल तेथे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळाव्यात, त्याच्या कडा चरात पुरून माती दाबावी, ऊन चढताच दोन्ही तोंडे उघडावीत, नाहीतर कोंडलेल्या दमटपणातून केवडा आणि करपा शिरतात. निरभ्र रात्री पॉलिथिन जमिनीची ऊब पुरेशी धरून ठेवीत नाही, म्हणून वर गोणपाट अंथरावे, हे सारे ज्ञान अनुभवातूनच सिद्ध झाले होते. साधा कागद एका उन्हाळ्यात कडकून फाटतो आणि अतिनील किरणांना टिकणारा २०० मायक्रॉनचा कागद तीन-चार वर्षे पुरतो, हेही पदरचे पैसे मोजूनच उमगले.

पुढे २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आले आणि हरितगृहांच्या अनुदानासाठी दफ्तरी हेलपाटे सुरू झाले. या अनुदानाच्या २०१४ च्या नियमावलीत बांबूच्या सांगाड्यासही स्थान होते. तरीही एका कार्यालयात आमच्या दरखास्ती बाजूस सारून लोखंडी नळ्यांचाच नकाशा मागण्यात आला, आणि पाहणीस आलेल्या ज्या अधिकाऱ्याने आमचे बोगदे टाकाऊ ठरविले त्याने वाकून आत एकदाही पाहिले नाही, याचा संताप मला आजही आहे. लोखंडी हरितगृहाचा निम्मा खर्च अनुदानाने भागला तरी उरलेल्या निम्म्याचे कर्ज काढावे लागे, आणि वादळाने कागद फाटला वा ढोबळीचे भाव कोसळले की हप्ते थकत.

कामट्या काढणारे हात आता वृद्ध झाले आहेत. ते आहेत तोवर त्यांच्याकडून गावोगावच्या तरुणांना शिकविण्याची तजवीज सरकारने करावी आणि बांबूच्या दरखास्तींना लोखंडाच्या बरोबरीने मंजुरी द्यावी, ही माझी मागणी आहे.