शाळेचे दप्तर आणि भ्रमणध्वनी : अँड्रॉइड की आयफोन?

शाळेचे दप्तर म्हणजे कपाटातील रजिस्टरे, एवढाच अर्थ आता उरलेला नाही. राज्यात २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली, २०१७ मध्ये 'दीक्षा' सुरू झाले आणि परिपत्रके, निकालपत्रके व विद्यार्थ्यांची माहिती शिक्षकाच्या भ्रमणध्वनीवर येऊ लागली. अंबड, परतूर वा भोकरदन तालुक्यातील द्विशिक्षकी शाळेत हे यंत्रच कार्यालयाचे काम करू शकते. यास्तव ते घेताना दोन प्रश्न प्रथम विचारावेत : त्यात ठेवलेला कागद हवा तेव्हा हाती येतो काय? आणि यंत्र बिघडल्यास तो वाचतो काय?

बाजारात दोन प्रणाली प्रमुख आहेत. गूगलची अँड्रॉइड ही अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालते, म्हणून ती अल्प किमतीतही मिळते. ॲपलची आयओएस केवळ आयफोनवर असते.

कागद हाताळण्याच्या बाबतीत अँड्रॉइडची रीत उघड्या कपाटासारखी आहे. यंत्र तारेने संगणकास जोडून 'फाईल ट्रान्सफर' निवडले की आतील फोल्डर दिसतात. निकालपत्रक तेथून थेट उचलता येते. कित्येक यंत्रांत मेमरी कार्डही बसते. आयफोनमध्ये कार्डाची सोय नाही. त्यात 'फाईल्स' हे ॲप २०१७ मध्ये आले व पेन ड्राइव्ह वाचण्याची सोय २०१९ मध्ये झाली. विंडोज संगणकास जोडल्यास सामान्यतः छायाचित्रे व चित्रफितीच दिसतात. व्हॉट्सॲपवर आलेले परिपत्रक 'शेअर' करून 'सेव्ह टू फाईल्स' केल्याखेरीज 'फाईल्स'मध्ये येत नाही. आयफोनची छायाचित्रे जुन्या संगणकावर कधी उघडत नाहीत. त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' हा पर्याय निवडावा.

तथापि आयफोनच्या जमेच्या बाजूही ध्यानात घेतल्या पाहिजेत. त्याची मांडणी सर्व यंत्रांवर जवळजवळ सारखीच असल्याने एकाने शिकलेले दुसऱ्यास सांगणे सोपे जाते. सुधारित आवृत्त्याही दीर्घकाळ मिळतात. २०१५ च्या आयफोन ६एस ला २०२१ ची आवृत्तीसुद्धा मिळाली. अँड्रॉइडमध्ये हा काळ कंपनीगणिक निराळा असतो व स्वस्त यंत्रांत बहुधा थोडा असतो. म्हणून खरेदीपूर्वी 'सुरक्षा सुधारणा किती वर्षे मिळतील?' हे दुकानदारास अवश्य विचारावे.

सारांश, ज्यास संगणक, पेन ड्राइव्ह व कार्ड यांच्याशी वारंवार देवघेव करावयाची आहे आणि खर्चही मर्यादित ठेवावयाचा आहे, त्या ग्रामीण शिक्षकास अँड्रॉइड अधिक सोयीचे ठरेल. ज्याच्याजवळ आयफोन आहे त्याने तो बदलण्याचे कारण नाही. वरील दोन-तीन युक्त्या अंगवळणी पाडल्या म्हणजे शाळेचे काम अडत नाही.

परंतु यंत्र कोणतेही असो, ते पडते, भिजते व हरवते. एका वर्गाची वर्षभराची नोंद त्याच्याबरोबर गेली तर हानी मुलांची होते. म्हणून पुढील नियम पाळावेत :

१. शाळेच्या कागदांसाठी स्वतंत्र फोल्डर करावे. नावात इयत्ता, विषय व वर्ष लिहावे.

२. प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. गूगलच्या खात्यात १५ जीबी व ॲपलच्या आयक्लाउडमध्ये ५ जीबी जागा विनामूल्य मिळते. जाळे क्षीण असल्यास शाळेच्या संगणकावर वा पेन ड्राइव्हवर प्रत घ्यावी.

३. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक व छायाचित्रे गटांवर पाठवू नयेत. भ्रमणध्वनीस कुलूपसंकेत अवश्य ठेवावा.

४. यंत्र विकण्यापूर्वी वा दुसऱ्यास देण्यापूर्वी प्रती घेऊन आतील सर्व माहिती पुसावी.

दरमहा शिक्षण परिषदेस जाण्यापूर्वी या प्रती उघडून पाहण्याचा परिपाठ ठेवावा. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबणे योग्य नव्हे.