रक्तातील खनिजे आणि कंपवात

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ज्या विकाराचे वर्णन केले, त्यालाच आपण कंपवात म्हणतो. मेंदूतील सब्स्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. त्यामुळे हात कापतो, स्नायू ताठरतात, हालचाली मंदावतात. रुग्णांच्या याच भागात लोह नेहमीपेक्षा अधिक साठलेले आढळते.

आमच्या फतेगंजात शेजारच्या एका आजोबांना हा विकार आहे. त्यांच्या रक्तात लोह कमी निघाले, तेव्हा एकजण म्हणाला, "गोळ्या घ्या, कंप थांबेल." दुसऱ्याने बजावले, "लोहानेच मेंदू बिघडतो." मग खरे काय?

वाणिज्याच्या भाषेत सांगायचे, तर रक्त ही रोकडवही आणि मेंदू हे गोदाम. रोकडवहीतील शिल्लक पाहून गोदामातला माल मोजता येत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींचा पहारा असतो. म्हणूनच कंपवाताच्या रुग्णांच्या रक्तातील लोह, तांबे, जस्त मोजणाऱ्या संशोधकांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आजार किती वाढला, हे डॉक्टर मुख्यतः हालचाली तपासूनच ठरवतात.

मँगनीजचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजची खाण आहे. या खनिजाची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास कंपवातासारखाच विकार जडू शकतो, हे १८३७ मध्ये कूपर यांनी ग्लासगोच्या कामगारांवरून दाखवले. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातही मँगनीजची विषबाधा सूचनापात्र रोगांच्या यादीत होती. हा विकार मेंदूच्या वेगळ्या भागात होतो. काम सुटल्यावर रक्तातील मँगनीज उतरते, पण आजार पुढे वाढू शकतो.

मग मेंदूतील लोह काढून टाकले तर? युरोपात ३७२ रुग्णांवर ३६ आठवडे हा प्रयोग झाला. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. डेफेरिप्रोन या औषधाने मेंदूतील लोह घटले, पण लक्षणे उलट अधिक बळावली. डोपामिन तयार करणाऱ्या विकरालाही लोह लागते, हे त्याचे एक संभाव्य कारण.

तात्पर्य, लोहाची कमतरता असेल तर तिच्यावर उपचार करावा, मात्र तो कंपवातावरचा इलाज समजू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लोहाची गोळी लेवोडोपाबरोबर घेतल्यास ते औषध पोटातून कमी शोषले जाते. म्हणून दोन्हींच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात.