नाव मोटारीचे, कूळ सायकलीचे

बुगाती या फ्रेंच मोटार-घराण्याचे नाव धारण करणारी एक सायकल २०१७ साली विक्रीस आली. पीजी नावाच्या जर्मन कंपनीने ती घडवली होती; वजन पाच किलोंच्या आत, एकंदर नग ६६७, आणि किंमत ३९,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमयाच्या दराने सुमारे पंचवीस लाख रुपये. आमच्या वाशिम जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमाखाली, शाळेपासून पाच किलोमीटरांच्या परिघात राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलीस सायकल घेण्यासाठी शासन पाच हजार रुपये देते. एकीच्या किमतीत दुसरीसारख्या पाचशे याव्यात, एवढे हे अंतर आहे. आणि दोन्ही वाहनांना दोनच चाके, एक हँडल आणि माणसाचे दोन पाय हेच इंजिन असल्यामुळे, या पाचशेपटीत विज्ञानाचा वाटा किती आणि नावाचा किती, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

असा नामाभिमान बाळगणारी बुगाती एकटी नव्हे. अ‍ॅस्टन मार्टिनच्या 'वन-७७' या सायकलीची किंमत २०१२ साली २५,००० पौंड होती. मॅक्लारेनने स्पेशलाइज्ड कंपनीच्या सहकार्याने २०११ साली, फेरारीने बियांकीच्या सहकार्याने २०१७ साली शर्यतीच्या सायकली काढल्या, आणि पोर्शने २०२१ साली आपल्या नावाच्या विजेच्या सायकली बाजारात आणल्या. यांपैकी बहुतेकींची घडण सायकल तयार करणाऱ्यांच्याच हातून होते. मोटार कंपनी कधी कार्बन तंतूंविषयीचे आपले ज्ञान पुरवते, कधी वातबोगद्यातील चाचणीची सोय करून देते, आणि पुष्कळदा केवळ आपले नाव मक्त्याने देऊन मोकळी होते. व्यापारचिन्हांच्या नोंदणीसाठी मालाचे जे वर्ग पाडलेले आहेत, त्यांत मोटार आणि सायकल ही दोन्ही वाहने बाराव्या वर्गात, एकाच खाती, जमा होतात. त्यामुळे ज्याच्या दप्तरी मोटारीच्या नावाची सनद आहे, त्याच्या परवानगीवाचून ते नाव सायकलीच्या दांड्यावर रंगवणे हे सहसा कायद्याच्या विरुद्ध ठरते. वर्गाच्या सीमेपलीकडेही नामांकित चिन्हास संरक्षण मिळते. 'बेंझ' हे नाव अंतर्वस्त्रांना देणाऱ्या एका उत्पादकास दिल्ली उच्च न्यायालयाने गेल्या शतकातील नव्वदीच्या दशकाच्या आरंभी मनाई केली होती.

तथापि ऐश्वर्यसंपन्न मोटारीने सामान्य सायकलीस आपले नाव देऊन उपकृत केले, अशा दृष्टीने या व्यवहाराकडे पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. रेंज रोव्हर हे नाव आज धनिकांच्या मोटारीचे म्हणून सर्वतोमुखी आहे. त्या नावातील 'रोव्हर' हा अंश मात्र इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली लोकांपुढे ठेवलेल्या सायकलीचा आहे. त्यापूर्वीची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीइतके उंच चाक, मागे एक चिमुकले चाक आणि त्या उंचीवरून डोक्यावर आपटण्याचे नित्याचे भय. स्टार्लीने दोन्ही चाके जवळजवळ सारखी केली, पायडल मधोमध आणून त्याचे बळ साखळीने मागच्या चाकास दिले, आणि बसणाऱ्याचे पाय जमिनीस टेकतील अशा बेताने सीट खाली घेतली. या एका रचनेने सायकल साहसी तरुणांच्या हातून सुटून स्त्रिया, शिक्षक, टपालवाले, कामगार यांच्या हाती आली. स्टार्ली १९०१ साली निवर्तला. त्याच्या कंपनीची पहिली मोटार १९०४ साली निघाली, लँड रोव्हर १९४८ साली आणि रेंज रोव्हर १९७० साली. पुढे मालकीची अनेक खरेदीखते होत होत हा सारा वारसा २००८ साली टाटा मोटर्सकडे आला, आणि २०२४ पासून खुद्द रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात होऊ लागली. टाटा समूहातीलच टाटा इंटरनॅशनल ही कंपनी 'स्ट्रायडर' नावाच्या साध्या सायकली विकते. म्हणजे जगातील पहिल्या यशस्वी आधुनिक सायकलीचे नाव आणि खेड्यापाड्यांत चालणारी आजची सायकल, ही दोन्ही एकाच समूहाच्या मिळकतीत आहेत. 'लँड रोव्हर' असे लिहिलेल्या सायकली इंग्लंडात निघाल्या, तेव्हा ते नाव एका अर्थाने माहेरी परतले.

आमच्या मागच्या पिढीच्या बोलण्यात रॅले, हर्क्युलिस, फिलिप्स यांच्या जोडीने 'हंबर' हे नाव मोठ्या आदराने येत असे. ज्यांनी ती सायकल जवळून पाहिली असेल त्यांना तिच्या पुढच्या फोर्कच्या प्रत्येक बाजूस एकाऐवजी दोन बारीक नळ्या असत हे स्मरेल, आणि पायडलच्या दंतचक्रात कोरून काढलेल्या पाच माणसांच्या आकृतीही स्मरतील. रॅलेच्या चक्रात जसे बगळे, तशी हंबरच्या चक्रात ही माणसे. टॉमस हंबर याने १८६० च्या दशकाच्या अखेरीस सायकली करावयास घेतल्या आणि शतक संपण्यापूर्वीच त्याच्या नावाची कंपनी मोटारीकडे वळली. हंबर पुलमन ही लांबलचक मोटार पुढे ब्रिटिश मंत्र्यांच्या व उच्च अधिकाऱ्यांच्या दिमतीस असे, आणि दुसऱ्या महायुद्धात सेनापती माँटगोमेरी हंबरमधूनच फिरत. परंतु १९३२ साली सायकलीचा हक्क रॅलेने विकत घेतला आणि मोटारी रूट्स बंधूंच्या ताब्यात गेल्या, तेव्हापासून सेनापतीच्या मोटारीवरील हंबर आणि कारकुनाच्या सायकलीवरील हंबर यांचे मालक भिन्न झाले. नाव तेवढे समाईक राहिले. बीएसएची कथा याहूनही विलक्षण आहे. बर्मिंगहॅमला बंदुका करणाऱ्या या कंपनीने १९१० साली कॉव्हेंट्रीची डेमलर कंपनी खरेदी केली आणि १९६० साली जॅग्वारला विकेपर्यंत ती आपल्याकडे ठेवली. या डेमलरच्या मोटारी इंग्लंडच्या राजघराण्यात वापरात होत्या. मद्रासजवळ अंबत्तूरच्या कारखान्यातून निघालेली जी बीएसए सायकल आपल्याकडे शाळकरी मुलांनी चालवली, तिच्या नावाचे नाते असे राजवाड्याच्या पागेपर्यंत पोहोचते.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा वसाहतीत औदी आणि श्कोडा या दोन्ही मोटारींची जुळणी होते, आणि दोहोंचेही मूळ शोधावयास गेले असता सायकलच सापडते. औदीच्या चिन्हातील चार कड्या म्हणजे १९३२ साली एकत्र आलेल्या चार कंपन्या. त्यांपैकी वांडरर ही १८८५ साली जर्मनीतील केम्निट्स येथे सायकलीच्या व्यवसायासाठी स्थापन झालेली. श्कोडाचा आरंभ १८९५ साली म्लादा बोलेस्लाव्ह या बोहेमियातील गावी झाला. वाक्लाव्ह क्लेमेंट हा तेथील एक पुस्तकविक्रेता; आपली नादुरुस्त सायकल सुधारून मिळावी म्हणून त्याने जर्मन कंपनीस आपल्या चेक मातृभाषेत अर्ज केला, तेव्हा समजेल अशा भाषेत लिहावे, असे अवमानकारक उत्तर त्यास आले. त्याने वाक्लाव्ह लाउरिन या कारागिरास भागीदार करून दुरुस्तीचे दुकान थाटले, 'स्लाव्हिया' नावाची स्वतःची सायकल काढली, आणि दहा वर्षांत तेथून मोटार बाहेर पडली. स्वभाषेच्या अभिमानातून उभ्या राहिलेल्या या कारखान्याची शाखा मराठी मुलखात असावी, याचे मला मनापासून समाधान वाटते. अ‍ॅस्टन मार्टिनचा संस्थापक लायोनेल मार्टिन तर अखेरपर्यंत सायकलस्वारच राहिला. १९४५ साली रस्त्यावर तीनचाकी सायकलीस धक्का लागून झालेल्या अपघातात त्याचा अंत झाला.

नावापेक्षाही मोठे ऋण अवयवांचे आहे. चाकाच्या तुंब्यात छर्रे घालून घर्षण कमी करण्याची युक्ती पॅरिसच्या झ्यूल स्यूरिरे याने १८६९ साली सायकलीसाठी पेटंट केली. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल जेम्स स्टार्लीने, म्हणजे वर उल्लेखिलेल्या जॉनच्या काकाने, १८७७ साली तीनचाकी सायकलीस बसवले. हवा भरलेला टायर डनलॉपने १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तयार केला. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या मोटारगाडीचे पेटंट मागितले, तिची तीनही चाके तारांच्या स्पोकची होती आणि इंजिनाचे बळ साखळीनेच मागे जात होते.

आता पंचवीस लाखांच्या सायकलीकडे वळू. सपाट रस्त्यावर सायकलस्वारास मुख्यतः दोन शत्रू असतात, टायर आणि रस्ता यांमधील लोळणविरोध आणि हवेचा विरोध. पैकी हवेशी झगडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताठ बसून ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्यास हवेपोटी अदमासे २५ वॉट खर्चावे लागत असतील, तर ३० किलोमीटरने जाताना २०० वॉट लागतील. वातबोगद्यात घासून-पुसून घडवलेल्या नळ्यांचा उपयोग म्हणूनच शर्यतीच्या वेगाला आहे. आणि तेथेही विरोधाचा सुमारे पाऊण हिस्सा माणसाच्या देहाचा असतो, सायकलीचा नव्हे. वजनाचा हिशेबही असाच बोलका आहे. बुगाती पाच किलोंची आणि आपली काळी लोखंडी सायकल वीस किलोंची धरली, तर शंभर मीटर उंचीचा चढ चढताना जादा पंधरा किलो वर नेण्यास सुमारे १५ किलोज्यूल कार्य पडते. स्नायू अन्नातील ऊर्जेचा जवळपास चौथा भागच कामास लावू शकतात, हे ध्यानी घेऊनही तो खर्च पंधरा किलोकॅलरींच्या आसपास, म्हणजे ज्वारीच्या भाकरीच्या एखाद्या घासाएवढा, भरतो. शर्यतीत क्षणाक्षणाला महत्त्व असते, तेथे हा घासही मोलाचा. शाळेच्या वाटेवर नाही.

याउलट सायकलीतील जे खरे नवल आहे ते स्वस्त सायकलीतही तितकेच शाबूत आहे. हँडलचा आस तिरपा असतो; तो मनाने खाली वाढवला तर पुढचे चाक जेथे टेकते त्याच्या किंचित पुढे जमिनीस मिळतो, आणि या अंतरामुळे सायकल ज्या बाजूस कलते त्या बाजूस चाक आपोआप वळून तोल सावरण्यास साह्य करते. तोल राहण्याचे कारण फिरत्या चाकांची भोवऱ्यासारखी स्थिरता हे असावे, असे दीर्घकाळ मानले जाई. २०११ साली डेल्फ्ट, कॉर्नेल इत्यादी विद्यापीठांतील संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एका चमत्कारिक सायकलीचे वर्णन प्रसिद्ध केले: तिच्यात भोवऱ्याचा परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी नाहीसा केला होता, टेकण्याचे ते अंतरही उणे केले होते, आणि तरी ढकलून दिल्यावर ती स्वाराविना आपला तोल राखी. वस्तुमान कोठे आणि किती आहे यालाही तितकेच महत्त्व, असा त्याचा अर्थ. सव्वाशे वर्षांनंतरही ज्या यंत्राचे गणित विद्वानांना नव्याने मांडावे लागते, ते यंत्र आमच्या जिल्ह्यातील मानोऱ्याच्या मुलीस पाच हजारांत मिळते. स्वच्छ, तेल दिलेली साधी साखळी पायाचे ९८ टक्क्यांच्या आसपास बळ चाकापर्यंत पोहोचवते, ही कार्यक्षमता कोणत्याही मोटारीच्या नावावाचून मिळते.

वाशिमच्या रस्त्यांचा प्रश्न निराळा आहे. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्यावर मोटारी ताशी १२० किलोमीटरने धावतात आणि सायकलीस मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. सायकलीची वाट सोयाबीन-तुरीच्या शेतांमधून जाते, आणि ती काळ्या रेगुरीची आहे. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे कण पत्र्यांसारख्या अतिशय पातळ थरांचे असतात. थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि विलक्षण चिकट होते. मृगाच्या पहिल्या सरींनंतर अशा पांदणीतून सायकल न्यावी, तो चिखल टायरला पुटापुटाने धरतो, मडगार्डखाली ठासून बसतो, ब्रेकच्या रबरांत दाटतो, आणि दहावीस पावलांत चाक फिरेनासे होते. मग दप्तर कॅरिअरला बांधलेली मुलगी बाभळीची काटकी मोडून तो उकरीत बसते. बुगातीचे टायर व फ्रेम यांतील फट या साध्या सायकलीहूनही अरुंद. तिचे पाऊल या मातीत त्याहून आधी अडेल.

या अडचणीवर विज्ञानाची उत्तरे जुनी आणि परीक्षित आहेत. मडगार्ड आणि टायर यांमध्ये दोन बोटांचे अंतर ठेवणे, साखळीस पूर्ण बंद चेनकव्हर घालणे, आणि मागच्या चाकाच्या तुंब्यात तीन गिअर बसवणे. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभीच असा तुंबा सिद्ध केला. त्याची दंतचक्रे आतल्या आत तेलात फिरतात, चिखलाचा त्यांना स्पर्श होत नाही, आणि साखळी एकाच रेषेत राहत असल्यामुळे तिच्यावर कव्हर घालता येते. शेंद्रा आणि पुणे येथे गिअरची सूक्ष्म गणिते जाणणारे शेकडो अभियंते आहेत. शासनाने सायकलीसाठीच्या रकमेबरोबर त्यांच्याकडून रेगुरीस योग्य अशा सायकलीचा एक नमुनाही मागवावा. त्या तुंब्याचा खालचा गिअर चाकाची गती एकचतुर्थांशाने घटवतो, आणि मानोऱ्याकडच्या चढावर पायडलवर पडणारा भारही तेवढ्याच प्रमाणात उतरतो.