तणनाशकाचा अवशेष व पुढील पीक

खरिपात मक्याला ॲट्राझीन फवारले, तण हटले व मका चांगला आला. पुढे त्याच शेतात हरभरा पेरला. तो उगवला नीट. परंतु काही दिवसांतच खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून रोपे करपू लागली. अशा वेळी दोष बियाण्यास दिला जातो. खरे कारण मात्र जमिनीत उरलेले तणनाशकही असू शकते. हे द्रव्य निष्प्रभ करण्याची शक्ती मक्याच्या अंगी आहे. हरभऱ्याच्या अंगी ती नाही.

अवशेष का उरतो?

तणनाशकाचे विघटन मुख्यतः जमिनीतील सूक्ष्म जीव करतात. त्यांना ओल, ऊब व सेंद्रिय खाद्य लागते. उबदार, ओलसर जमिनीत टू-फोर-डी काही आठवड्यांतच नष्ट होते. ॲट्राझीन त्याहून चिवट आहे. ते निम्मे होण्यास ६० दिवस लागतात असे धरल्यास हेक्टरी १ किलोपैकी ६० दिवसांनी ५०० ग्रॅम व १२० दिवसांनी २५० ग्रॅम उरते. पाऊस लवकर उघडला, तर हा काळ आणखी लांबतो. आम्ल जमिनीत ॲट्राझीन लवकर निष्प्रभ होते. आपल्याकडील काळ्या जमिनी बहुधा विम्ल असल्याने तेथे ही क्रिया मंदावते.

कुंडीतील परीक्षा

शंका असल्यास पेरणीपूर्वी शेतातील निरनिराळ्या ठिकाणची वरच्या थरातील माती एकत्र करून एका कुंडीत भरावी. दुसऱ्या कुंडीत त्याच प्रकारची, परंतु न फवारलेली माती घ्यावी. दोहोंत हरभऱ्याचे दाणे पेरून सारखे पाणी द्यावे व कुंड्या उन्हात ठेवाव्यात. केवळ उगवण पाहून निर्णय घेऊ नये, कारण ॲट्राझीन उगवणीस अडवीत नाही. पाने अन्न तयार करू लागली म्हणजे ते बाधते. यास्तव तीन आठवडे वाट पाहावी. पहिल्या कुंडीतीलच रोपे पिवळी पडल्यास हरभरा न घेता रब्बी ज्वारी किंवा मका घ्यावा.

दक्षता

शिफारशीहून अधिक मात्रा वापरू नये. बांधाकडेला पंप वळविताना एकाच जागी दोनदा फवारा पडू देऊ नये. भरपूर शेणखत घालावे. त्यामुळे सूक्ष्म जीव वाढतात. फवारणीची तारीख, औषधाचे नाव व मात्रा वहीत टिपून ठेवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील पिकाचा सल्ला देण्यापूर्वी ही वही अवश्य पाहावी. शंकास्पद शेतात पेरणीपूर्वीचे तीन आठवडे या परीक्षेस दिल्यास बियाणे व हंगाम दोन्ही वाया जाण्याचे टळेल.