पाऊस थोडा, तरी तळी फार

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील बॅरो या गावी पाऊस व हिम मिळून वर्षाला १५ सें.मी.पेक्षाही कमी पाणी पडते. (२०१६ पासून गावाचे नाव उट्कियाग्विक.) तरीही उन्हाळ्यात भोवती असंख्य तळी आणि दलदल दिसते. असे का?

सलग दोन वर्षे किंवा अधिक काळ शून्य अंश सेल्सिअसखाली राहणाऱ्या जमिनीला ‘पर्माफ्रॉस्ट’ म्हणतात. याच किनाऱ्यावर प्रुडो बे येथे तिची जाडी सुमारे ६०० मीटर आहे. उन्हाळ्यात वरचा सुमारे अर्धा मीटर थरच वितळतो. त्याखालच्या मातीची छिद्रे बर्फाने बुजलेली असल्याने पाणी मुरत नाही, वरच साचते.

मग विहीर खणावी का? वरच्या थरातले पाणी हिवाळ्यात गोठते आणि पर्माफ्रॉस्टखालचे बहुधा खारट असते. म्हणून गाव बांध घातलेल्या खाजणातले गोडे पाणी पिते.

आता ही जमीन तापत आहे. तळ्याकाठी जमिनीत पाचरीसारखा रुतलेला बर्फ वितळला, की चर पडतो आणि तळे रिकामे होऊ शकते. बर्फ वितळला तर पाणी वाढेल, असे आपल्याला सहज वाटते. येथे मात्र पाणी धरून ठेवतो तो बर्फच!