नीरी: तुरटीपासून जलवाहिनीपर्यंत

नागपूरची ‘नीरी’ म्हटले की बहुतेकांना हवेच्या प्रदूषणाचे आकडे आणि पर्यावरणाचे अहवाल आठवतात. १९७८ साली देशातल्या दहा शहरांत हवा मोजण्याचे जाळे तिनेच उभारायला घेतले, त्यामुळे हे स्वाभाविकच आहे. पण १९५८ साली ही संस्था सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी सुरू झाली. पाणी, सांडपाणी आणि त्यातून पसरणारी रोगराई हे तिचे मूळ काम. आजचे नाव मिळाले ते १९७४ साली. संस्थेचे मोठेपण या मूळ कामातच आहे असे मला वाटते, कारण संशोधन वापरणारा माणूस कोण, त्याच्या हाताशी काय असेल, याचा विचार तिथे सर्वांत आधी झालेला दिसतो.

फ्लोराइडचेच पाहा. ते उकळून जात नाही, चवीला कळत नाही. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले की हाडे-सांधे आखडतात. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांना हे दुखणे माहीत आहे. सत्तरच्या दशकात नीरीने यावर जी पद्धत बसवली ती नलगोंडा या तेव्हाच्या आंध्रातल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाते. तिला लागते काय, तर तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर. पाण्यात ती घालून आधी भराभर ढवळायचे, मग दहा-पंधरा मिनिटे सावकाश. हळूहळू पांढरट पुंजके धरतात, फ्लोराइड घेऊन तळाशी बसतात आणि तासाभराने वरचे निवळ पाणी काढून घेता येते. घरातल्या बादलीत जमते, गावाच्या टाकीतही जमते. आफ्रिकेतल्या काही देशांनीही ती उचलली.

या पद्धतीवरचे आक्षेप खोटे नाहीत. तुरटीचे प्रमाण पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारतेवर ठरते. ते चुकले तर ॲल्युमिनियम पाण्यात उरते. शिवाय साचलेला गाळ टाकायचा कुठे, हा प्रश्न राहतोच. म्हणून ही पद्धत मोडीत काढावी काय? मला तसे वाटत नाही. महागड्या गाळणयंत्रालाही वेळेवर देखभाल लागते, आणि ती झाली नाही तर तेही बंदच पडते. उणीव आहे ती गावात पाणी तपासून मात्रा ठरवणाऱ्या प्रशिक्षित हाताची.

जलवाहिन्यांच्या जाळ्याबाबतही हेच. शुद्धीकरण केंद्रातून उत्तम पाणी सुटते, पण दिवसातून तास-दोन तासच नळ येत असेल तर उरलेल्या वेळी वाहिनीतला दाब जातो आणि गळतीच्या जागांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. नीरीच्या संशोधकांनी गाझियाबाद, जयपूर, नागपूर आणि पणजी इथे ठरावीक वेळेचा आणि अखंड पुरवठा तुलनेने तपासला. ठरावीक वेळेच्या पाण्यात जिवाणू अधिक आढळले. चोवीस तास पाणी दिले तर लोक उधळतील, असे नेहमी म्हटले जाते. परंतु आधीच पुरेसे पाणी मिळणाऱ्या भागात वापर फारसा वाढला नाही, असेही याच अभ्यासात दिसले. म्हणजे वाहिनीचा दाब हा सोयीइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे.

म्हणून ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी नळयोजनेच्या अंदाजपत्रकात नव्या टाकीइतकीच तरतूद गळती शोधण्यासाठी, पाणी तपासण्यासाठी आणि ते काम करणाऱ्या माणसाच्या पगारासाठी करावी.